बिनबक्षिसाचं पाणी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१९ एप्रिल २०२४

प्रिय अक्का,

फोनवर आपलं बोलणं मेंढरं, पाऊस आणि दाजींचा खोकला यांपलीकडं जात नाही, म्हणून लिहायला बसलो. वाळूजहून कंपनीतली पहिली पाळी करून आलोय. रत्नमाला शिलाईच्या दुकानात आहे, ज्ञानेश्वरी गच्चीवर. दोन कागद फाडून झाले.

इथं नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. परवापर्यंत शेतं होती तिथं चार-चार मजले उठले, बोअर आटले. आम्ही दोघं कामावर, म्हणून पाणी भरायचं ज्ञानेश्वरीनं. दहा वर्षांची पोर. तिला गोडी लागावी म्हणून मी दर वेळी काहीतरी कबूल करायचो. आधी कुल्फी, मग रंगपेटी, मग खेळायला मोबाइल. भरलेले हंडे बघून मी खूश. तुझ्याकडं असलं काही नव्हतं. आई गेली, अन् तू मला कोकरांचं काम दिलंस. दिलंस ते देऊनच टाकलंस, मागं वळून पाहिलं नाहीस. माझं लेकरू मी असं वाढवणार नाही, हे मी तेव्हाच ठरवलं होतं.

फेब्रुवारीत वरच्या मजल्यावरच्या वच्छलाबाईंनी तिच्याकडं एक हंडा पाणी मागितलं. एकट्या राहतात, गुडघ्यांमुळं जिना होत नाही. पोरीनं विचारलं, "मग मला काय देणार?" बाईंनी घरातला बिस्किटांचा पुडा तिच्या हातात ठेवला. तो घेऊन ती हसत आली आणि सगळं सांगितलं. मी ताट बाजूला सारलं. चूक तिची नव्हती, अक्का. तो प्रश्न मीच तिला शिकवला होता.

त्या दिवसापासून कबूल करणं बंद केलं. पुढच्या नळाला तिनं एकही हंडा भरला नाही. आठ दिवस शेजारून मागून आणलं. रत्नमाला माझ्याशी बोलेना. रोज वाटायचं, आणावी एक कुल्फी आणि मिटवावं. शेवटी पोरीला समोर बसवून म्हणालो, "मी चुकलो. आता आठ दिवसांचं पाणी तुझ्या हाती. कुणी किती वापरायचं ते तू ठरव." तिनं उठून ड्रममध्ये डोकावून पाहिलं. मग तिनं माझी आंघोळीची बादली अर्धी केली, भाजी धुतलेलं पाणी फरशीला ठेवलं. तरी पहिल्या खेपेला सहाव्या दिवशीच संपलं. मी न रागावता शेजारून मागून आणलं. पुढच्या खेपेला पुरलं.

गेल्या मंगळवारी नळ वीसच मिनिटं आला. घरी आलो तर तीन हंडे रिकामे. मी चिडलो. ती म्हणाली, "वरच्या आजींकडं थेंब नव्हता. आपलं पुरवते मी." आणि वही उघडून बसली. वर गेलो. वच्छलाबाई म्हणाल्या, "लेकराला म्हणलं थांब, लाडू देते. थांबलंच नाय."

खाली येताना वाटलं, हिला उचलून बाजारात न्यावं, मागेल ते घेऊन द्यावं. तसं काही केलं नाही. शेजारी बसून एवढंच म्हणालो, "आजींनी सांगितलं मला." तिनं मान हलवली आणि माझ्या दंडाला टेकून लिहीत राहिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सुट्टीत ती तुझ्याकडं येईल. कोकरं सांभाळली तर पैंजण देते, असं तू तिला फोनवर म्हणालीस. द्यायचेच तर आल्या आल्या दे, आत्या म्हणून. पण लिहायचं खरं कारण हे नाही. मी नऊ वर्षांचा होतो. पाऊस नव्हता, तू मला मेंढरं घेऊन कालव्याकडं पाठवलं होतंस, आणि एक मेंढी तिथंच व्याली. तिला चालवेना. दिवसभर मी कुत्री हाकलत तिच्यापाशी बसलो आणि उन्हं उतरल्यावर कोकरू खांद्यावर घेऊन, तिला सांभाळत घरी आलो. तू मेंढरं आत घेतलीस आणि म्हणालीस, "हातपाय धू." बक्षीस मला नकोच होतं. पण तुझं तेवढंच बोलणं मनात धरून मी शहर गाठलं, सणालाही यायचं टाळलं. तू विचारायचीस तेव्हा सुट्टी नाही म्हणायचो. मंगळवारी स्वतःला आवरलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, तूही तेव्हा आवरत असशील. एकवीस वर्षांची तर होतीस. का तुला दिसलंच नव्हतं? काहीही असो, खरं तेच लिही. त्या दिवशी तू मला पाहिलं होतंस का, अक्का?

तुझाच धाकटा,
अंगद