अनुस्वाराची जागा

गुरुवार, कार्तिक वद्य पंचमी. कर्जत.

अनुस्वार पुण्याला गेल्याला आज पाच दिवस. कुत्र्याच्या कपाळावर एकच काळा ठिपका, म्हणून मी हौसेने ठेवलेलं नाव. रिक्षावाल्यांनी त्याचं सोयीने अन्या केलं. मुक्ता तिकडे एकटी राहते, फोनवर लेकीचा आवाज पडलेला असायचा, म्हणून मीच म्हटलं, घेऊन जा त्याला. तिच्या गाडीच्या मागच्या काचेला नाक लावून गेला. एकदाही भुंकला नाही, लबाड.

आज दुधाला कडावला निघालो. बबनच्या रिक्षात शेवटची जागा मिळाली. शेजारच्या आजी पाटी पायाशी ठेवायला लागल्या, तर बबन ओरडला, "आजी, पाटी मांडीवर घे गं! तितं भाऊंचं कुत्रं बसतं."

"कुटं हाय कुत्रं?"

बबनने तोवर मागे न बघता रिक्षा काढलीही होती. सांगायला हवं होतं का? नाही सांगितलं. आजी पाटी मांडीवर घेऊन कुरकुरत राहिल्या आणि मी कडावपर्यंत पाय आखडून बसलो. रिकाम्या जागेला धक्का लागू नये म्हणून! एवढं शिकून ही अक्कल.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला. मागे अन्या भुंकत होता आणि ती हसत होती, कितीतरी दिवसांनी.

"बाबा, करमत नसेल तर आणून सोडू का त्याला?"

म्हटलं, "नको गं. इथे रिक्षात त्याला जागा कुठे मिळते?"