फुकट काच कोण कापतं?

४ नोव्हेंबर

फसवणूक! माझ्यावर! समाजकल्याण कार्यालयाची नोटीस आलीय – बाबांना पूर्णवेळ सांभाळतो म्हणून भत्ता घेतो आणि चोरून फोटोफ्रेमच्या दुकानात नोकरी करतो म्हणे. बाबांना वाचून दाखवली. पक्षाघातानंतर त्यांचे शब्द अर्धे तोंडातच राहतात. म्हणाले, "बरं झालं. घरात कुणाला तरी नोकरी लागली."

५ नोव्हेंबर

कार्यालयात गेलो. जायला नको होतं. तपासनीसाने फोटो पुढे सरकवले – मी गल्ल्याजवळ, मी काच कापताना, अंगात दुकानाचा ॲप्रन. जिच्यासाठी तिथे जायचो ती प्रत्येक फोटोत कडेला, नुसती वेणी नाहीतर कोपर. म्हणजे इतके दिवस कुणीतरी समोर उभं राहून आम्हाला बघत होतं! एक पैसा घेतला नाही म्हटलं तर तो हसला. आजकाल फुकट कोण काय करतं, म्हणे. मी टेबलावर हात आपटला. त्याने तेही लिहून घेतलं.

७ नोव्हेंबर

मोफत कायदा मदत केंद्र. जिन्याखालची खोली, कपाटामुळे दार अर्धंच उघडतं. वकीलबाई आधी माझ्यावरच उखडल्या – आगीत तेल ओतून आलास, आता तोंडाला कुलूप, यापुढे एकट्याने तिकडे पाय ठेवायचा नाही. मग नीट समजावलं. बाबा दुपारी झोपतात तेव्हा कुणाला हातभार लावला तर चालतं. पगार घेतलेला चालत नाही. तो सिद्ध झाला की भत्ता बंद, वर खटला, आणि मी आत गेलो तर बाबांची रवानगी सरकारी शुश्रूषागृहात.

पगार नव्हता हे सांगणारं कोण आहे, त्यांनी विचारलं.

दुकान तिच्या दादाचं. तो दुपारी माल आणायला जातो, ती एकटी असते. म्हणून तर जायचो! साक्षीदार एकच. पण तिचं नाव तोंडातून निघेना.

"मग साक्षीला काय भिंतीला उभं करू?"

सांगितलं.

१० नोव्हेंबर

तिने दुकानात येऊ दिलं नाही. मागच्या बोळात भेटली. तपासनीस दादाला गाठून गेला होता. तेव्हापासून दादा तिच्याशी बोलत नाही, जेवताना नुसता बघत बसतो. एकच विचारलंय त्याने – फुकट काच कोण कापतं?

मी म्हटलं खरं सांगून टाक, आपण लग्न करू. म्हणाली, बाबांना सांभाळशील का मला? मी चिडलो. मग तिच्या मनगटावरचे वळ दिसले. त्याला आत्ता बघून घेतो म्हणून निघालो, तर तिने दंड धरला.

"जबाब देशील ना?"

"देते."

तेवढंच. मान वर नाही केली.

११ नोव्हेंबर

सकाळपासून गल्लीच्या तोंडाशी एक गाडी. आत माणूस. बाबा म्हणाले, पडदा ओढ.

१३ नोव्हेंबर

वकीलबाई खुशीत! ती जबाब द्यायला येतेय, निम्मी लढाई जिंकली म्हणाल्या. बाबांची दाढी केली. सुनावणी परवा आहे, त्यांना सांगितलं.

१५ नोव्हेंबर

सुनावणी. ती आली, शेजारी दादा. जमिनीकडे बघत म्हणाली, "तो आमच्याकडे नोकर होता. पगार मी हातात द्यायचे. बाकी काही संबंध नाही."

साहेबांनी मला विचारलं, हे खरं आहे का? वकीलबाईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला.

तिच्या मनगटाकडे बघितलं. हो म्हणालो.