वर केलेला डावा हात

१२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. मी बरी आहे. तुझ्या पत्राला तीन आठवडे उत्तर नाही, म्हणजे तू मला शिव्यांची लाखोली वाहिली असशील. वाहा, हक्कच आहे तुझा.

इकडे लढाईचा खेळ पाहतेय. शंभर वर्षांपूर्वी सैन्य गावात घुसलं, ते इथली माणसं दरवर्षी जसंच्या तसं करून दाखवतात. पुरुषांना बंदुका, बायकांना किंकाळ्या. पुढे त्यातलं कोण काय लक्षात ठेवतं, हा माझा अभ्यास. त्यांचा एक नियम आहे: खरंच लागलं तर डावा हात वर करायचा, की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

रविवारी शिवणकाम करणारी एक बाई गावकरीण झाली होती. सैनिक झालेल्या सुताराने तिला केसांना धरून अंगणात फरफटत आणलं. ठरलं होतं तेवढंच. पण त्याला चेव चढला. बंदुकीचा दस्ता जबड्यावर बसला, हाड मोडल्याचं ऐकू आलं. दुसरा दणका बरगडीत. तिने डावा हात वर केला. मी चार पावलांवर वही घेऊन उभी. लिहिलं, ‘अकरा चाळीस. हात वर. अभिनय उत्तम.’ तिसरा दणका बसला. तिचा दात माझ्या बुटावर येऊन पडला, तेव्हा कुठे मी ओरडले.

नियम मला तोंडपाठ होता गं!

सुतार दवाखान्याबाहेर रडत होता. “भानच राहिलं नाही हो, मॅडम.” तिचा जबडा तारांनी बांधलाय. तिने माझ्याच वहीत लिहून विचारलं, “तुम्ही तर बघत होतात ना?”

ताई, भाऊजींवरच्या खटल्यात साक्षीला येशील का, असं तू विचारलंस. ‘मी काही पाहिलं नाही’ हे उत्तर लिहून तयार होतं. ते फाडलं. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातच होते. त्याने तुझं डोकं ओट्यावर आपटलं, दोनदा. आता त्याला भाऊजी म्हणवत नाही. भुवईतून रक्त गळत असताना तू माझ्याकडे हात केलास. मी दार लोटून घेतलं आणि आईला सांगितलं, ताई घसरून पडली.

गुरुवारी कोर्टात येतेय. वकील विचारतील ते सांगेन. दार कोणी लोटलं, ते न विचारताही सांगेन. त्यानंतर तू माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

सगळं पाहिलेली,
तुझी धाकटी