परदेश भत्त्याचं आणखी एक वर्ष

तुमसर, ४ जाने. १९७८
मनीऑर्डर आली. यांच्या पगारातला घरचा भाग, नौदलाकडून दर महिन्याला, मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या नावावर. अंगठा मामाजींचा, साक्षीदाराची सही माझी. पोस्टमन म्हणाला, माणूस रशियात, मजा आहे तुमची. हसले. नवं जहाज आणायला गेले, अकरा महिने झाले. लग्नानंतर सोबत राहिलो ते सत्तावीस दिवस.

९ जाने.
पत्र. घरात वाचता येतं ते मलाच, म्हणून सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. तिकडे बर्फ. जेवणखाण फुकट, त्यामुळे परदेश भत्ता बराचसा शिल्लक राहतो. पुढच्या जहाजासाठी आणखी वर्षभर थांबता का, असं साहेबांनी विचारलंय. मार्चअखेर सांगायचं. 'घरचे म्हणतील तसं.'
माझ्यासाठी वेगळी ओळ नाही. कशी असणार? वाचणार मीच, तेही सगळ्यांपुढे.

११ जाने.
मामाजी राइस मिलमधून आले नि उत्तर लिहायला बसवलं. "राह्य मन त्याले. विटाच्या दोन खोल्या होऊन जातीन, मंग मी पोते उचलनं सोडतो."
खांदा सुजलाय त्यांचा. सांगितलं तसं लिहिलं.
खाली थोडी जागा उरली. तिथं लिहिलं, माझं विचाराल तर या.
लगेच चिकटवून टाकलं.

१२ जाने.
पेटीत टाकलं.

२ फेब्रु.
मामाजींनी भट्टीवाल्याकडे विटा सांगून ठेवल्या. जेवताना खोल्यांची मापं सांगत होते. खुश होते. मला वर बघवेना.

१० फेब्रु.
तांदूळ निवडता निवडता सासूबाईंना सांगून टाकलं. वाटलं, आता बोलणार. सूप हलवायच्या थांबल्या. मग म्हणाल्या, "माह्याही नावानं लिवाचं होतं ना, ये मनून. मले कोनं इचारलंच नाही."
एवढे दिवस एका चुलीपुढे बसतो आम्ही दोघी.

११ फेब्रु.
यांना दुसरं पत्र लिहिलं. सासूबाईंची एकच ओळ, ये म्हणून. दोनदा वाचून घेतली, मग अंगठा उठवला. मामाजींना त्यांनीच सांगितलं, माझ्या ओळीसकट. मामाजी हात धुऊन बाहेर जाऊन बसले. रागावले असते तर बरं होतं.

५ मार्च
यांचं उत्तर काहीच नाही. विटांची पहिली बैलबंडी अंगणात उतरली. मामाजी माझ्याशी कामापुरतं बोलतात.
आज मिलला निघताना दारात थांबले. माझ्याकडे न पाहता विचारलं, "ते दुसरं पत्र मार्चअखेरच्या आत पोचन का?"
पोचावं म्हणून विचारलं की पोचू नये म्हणून, कळलं नाही. मी म्हटलं, पोचेल बहुतेक.
मान हलवून गेले.