भिंतीतलं पाणी

फेस (मोरोक्को), ४ मार्च १९८७

ती. तहामीदादास,
बतूलचा स. सलाम. वि. वि.

आम्ही खुशाल. आईचे गुडघे थकलेत, जीभ अजून तरणी आहे.

बा गेले तेव्हा तू आला नाहीस, त्यावरून आज भांडत नाही. गल्लीतल्या मशिदीत बांनी घडवलेली नक्षीची भिंत ओलीने फुगली आणि एक कोपरा गळून पडला. माझा नवरा हम्मू कोरायला बसलाय, पण गिलावा जमत नाही. बा दार लावून कालवायचे. जिप्समात संगमरवराची भुकटी घालत, एवढंच ठाऊक. किती, ते सोबत घेऊन गेले. आमचं दोनदा तडकलं. रमजानच्या आत झालं नाही तर मशिदीचे लोक सगळं खरवडून सिमेंट मारणार आहेत. पडलेला तुकडा पाठवतेय. पोरांना रसायन शिकवतोस ना, एकदा घरच्यांच्याही उपयोगी पड.

माया असू दे.
बतूल

लियों (फ्रान्स), १७ मार्च

चि. बतूल, अ. आ.

तुकडा कुटला, सुकवला आणि शंभर ग्रॅम तोलून भट्टीत ठेवला. बेताच्या आचेला संगमरवर ढिम्म राहतो. जिप्सम मात्र आतलं पाणी सोडतं. पुन्हा तोललं तर साडेबारा ग्रॅम घटले. भिंतीतल्या जिप्समच्या शंभर भागांत एकवीस भाग पाणी असतं, म्हणजे जिप्सम साठ आणि भुकटी चाळीस. तुम्ही कोरडं, भाजलेलं जिप्सम घेता, ते साठाचं पन्नासच भरतं, म्हणून वजनाने पाच भाग जिप्समला चार भाग भुकटी धरा.

आकडा लिहिला आणि मग उमगलं, की उडालं ते बांनी स्वतःच्या हाताने ओतलेलं पाणी होतं. एकोणीस वर्षं भिंतीत टिकलेलं, मी तासाभरात घालवलं. भट्टीच्या गार झाकणावर दोन थेंब होते, ते बोटावर घेतले. नियमाने तीनदा तपासायला हवं. माझ्याने झालं नाही. बा मला कालवायला शिकवणार होते. चिखलात हात घालणार नाही, असं मी त्यांच्या तोंडावर म्हणालो होतो.

आईला विचारलंय म्हणून सांग. आठवण ठेव.
तहामी

फेस, २४ एप्रिल

ती. दादास स. सलाम. वि. वि.

गिलावा धरला, एकही तडा नाही. सिमेंटवाले आल्या पावली परतले. काल आईला धरून तिथवर नेलं. नव्या कोपऱ्यावर तळवा ठेवून तिने विचारलं, हे कोणी कालवलं. मी हम्मूचं नाव घेतलं आणि माप तुझं असल्याचं सांगितलं. तिने तो कोपरा पुन्हा चाचपला. मग म्हणाली, “माप धाडता येतं, मग त्याला स्वतः का येता येत नाही?”

तिला जे सांगायचं, ते तूच येऊन सांग. ईदला दोन दिवस आधी ये, तिला रडायला वेळ हवा.

वाट पाहतेय, हेच लिहिणं.
बतूल