च-२७ या पिशवीचा लिफाफा मुदतीआधी उघडण्याबाबत

अत्यंत तातडीचे. बैठक चालू असली तरी आत पाठवावे.

प्रति,
मा. विभागप्रमुख,
साठवण व बीजसंरक्षण विभाग,
कडधान्य बियाणे संशोधन केंद्र.

विषय : चवळी साठवण प्रयोगातील पिशवी क्र. च-२७ मधील बियाण्यास काय लावले आहे, ते आज कार्यालय बंद होण्यापूर्वी कळण्याबाबत.

संदर्भ : १) सदर प्रयोगाची नियमावली, नियम ९.
२) नियम ९ असावा असे सुचवणारी माझीच टिपणी.
३) आज सकाळी सव्वादहा वाजता मुख्य लिपिकांनी केलेली तोंडी सूचना : "लेखी द्या."

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून नम्रपणे सादर करते की,

१. मी खोली क्र. ६ मध्ये चौदा वर्षे मोजणी सहायिका आहे. साठवलेल्या चवळीवर भुंगेरा अंडी घालतो, त्याची अळी दाण्याच्या आत शिरून आतूनच खाते आणि बाहेर पडताना टाचणीच्या डोक्याएवढे गोल भोक ठेवून जाते. ही भोके मोजणे, जिवंत भुंगेरे मोजणे आणि मेलेले वेगळे काढणे हे माझे काम. सध्याच्या प्रयोगात चाळीस पिशव्या आहेत. दहा पिशव्यांतील चवळीला काहीही लावलेले नाही, दहांतील चवळीला खाद्यतेल चोळले आहे, आणि उरलेल्या दहा-दहा पिशव्यांना दोन नव्या विषारी पुडी लावल्या आहेत. त्या पुडींची नावे प्रयोगाच्या कागदावर आहेतच. कोणत्या पिशवीला कोणती, एवढेच माहीत नाही. ते चाळीस लहान लिफाफ्यांत बंद असून लिफाफे आपल्या दालनातील लोखंडी कपाटात आहेत.

२. आपल्या केंद्रात विष लावलेले बियाणे गुलाबी रंगवतात, म्हणजे कोणी चुकून खाऊ नये. या प्रयोगात रंग दिलेला नाही. तो देऊ नये असे मीच सुचवले होते. रंग दिसला की मोजणाऱ्याचे मन आधीच कौल देते आणि मोजणीत फसगत होते, असे मी टिपणीत लिहिले. त्याच टिपणीत मी असेही लिहिले की लिफाफे एकशेविसाव्या दिवसाआधी "कोणासाठीही व कोणत्याही कारणास्तव" उघडू नयेत. आपण ती टिपणी सभेत वाचून दाखवलीत आणि काम असे असावे, असे म्हणालात. त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. आज ते वाक्य लिफाफ्यावर नाही, माझ्या मानेवर चिकटवल्यासारखे वाटते.

३. बुधवारी साठावा दिवस होता. मी च-२७ ची मोजणी केली, भुंगेरे चाळून काचेच्या बरणीत काढले, नोंद केली आणि पिशवी टेबलावरच ठेवून सहीसाठी मुख्य लिपिकांकडे गेले. दर बुधवारी विष न लावलेले, कामाला न येणारे बियाणे आम्हा कर्मचाऱ्यांना वाटले जाते, हे आपणास ज्ञात आहे. माझ्या वाट्याची पिशवीही त्याच टेबलावर होती. माझे सासरे मी घरी विसरलेला डबा घेऊन आले. टेबलावर चवळीच्या दोन पिशव्या. एकीतले दाणे भोकांनी चाळण झालेले, दुसरीतला एकही दाणा किडका नाही. त्यांनी चष्मा लावून दोन्ही पाहिल्या आणि चांगली उचलली. परत आल्यावर पिशवी जागेवर नाही हे माझ्या लक्षात आले होते. सहकारी बाईंनी फडताळात ठेवली असेल असे समजून मी फडताळाच्या वहीत "४० पिशव्या जागेवर" असे लिहून सही केली. मी मोजल्या नाहीत. चौदा वर्षे मोजण्याचाच पगार घेते आणि त्या दिवशी चाळीसपर्यंत मोजले नाही.

४. काल, गुरुवारी, दुपारी एक वाजता सासऱ्यांनी ती चवळी शिजवून जेवणात घेतली. माझी नणंद सध्या आमच्याकडे राहते. तिला आठवा महिना चालू आहे. सासऱ्यांनी दोन वेळा वाढून घेतले, नणंदेने एक वाटी भरून खाल्ली, संध्याकाळी कामावरून आल्यावर मी उभ्या उभ्या दोन चमचे खाल्ले. मग हात धुताना मला दोरीवर च-२७ लिहिलेली पिशवी वाळत घातलेली दिसली. त्यांनी ती साबणाने स्वच्छ धुतली होती, परत करायची म्हणून.

मी सासऱ्यांना विचारले तर ते म्हणाले, "गुलाबी नव्हती गं. मी नीट बघितली. तूच तर सांगितलंस ना, गुलाबी ते विष, बाकीचं पोटात." हे खरे आहे. घरातल्या प्रत्येकाला मीच ते शिकवले आहे.

५. नणंदेला आम्ही लगेच दवाखान्यात नेले. तेथील डॉक्टरीणबाईंना मी प्रयोगाचा कागद दाखवला. त्यांचे म्हणणे मी शब्दशः देते, कारण माझ्या शब्दांवर माझा आता विश्वास नाही : "दोन्ही पुडींवर औषध आहे. पण एकीचं औषध दुसरीवर दिलं तर बाळाला धोका. खाल्ल्यापासून दोन दिवसांत द्यायला हवं. नाव आणा, मी लगेच सुरू करते." दोन दिवस उद्या दुपारी एक वाजता पुरे होतात. उद्या कार्यालयास सुट्टी आहे. परवाही आहे.

६. आज कार्यालय उघडताच मी मुख्य लिपिकांना भेटले. त्यांनी नियमावली काढून नियम ९ वर बोट ठेवले आणि "बाई, हा नियम तुमचाच आहे, अक्षरही तुमचंच आहे," असे सांगितले. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. परंतु कपाट आपल्या आदेशाशिवाय उघडता येत नाही, आणि आदेश अर्जाशिवाय निघत नाही. ज्या दुसऱ्या केंद्रात पुडी लावल्या गेल्या तेथे मी फोन केला. पुडी लावणारे गृहस्थ रजेवर आहेत आणि यादीची दुसरी प्रत ठेवलेली नाही. तसे ठेवू नये असेही माझ्या टिपणीत आहे, हे तेथील माणसाने मला वाचून दाखवले. माझी टिपणी सगळीकडे माझ्याआधी पोहोचते.

७. लिपिक महोदयांनी असेही सुचवले की हा अर्ज सोमवारच्या टपालात ठेवून सर्वांचे अभिप्राय मागवावेत. बैल गेला आणि झोपा केला, असे होईल. म्हणून प्रयोगाला धक्का न लागता काय करता येईल ते मी खाली मांडते.

लिफाफे चाळीस आहेत, मला त्यातला एकच हवा आहे. एकोणचाळीस पिशव्यांचे गुपित तसेच राहील. च-२७ तर शिजलेलीच आहे, तिची पुढची मोजणी कोणीच करणार नाही. लिफाफा आपण एकट्याने उघडावा आणि नाव मला न सांगता थेट डॉक्टरीणबाईंना फोनवर सांगावे. मी तेव्हा खोलीबाहेर, हवे तर इमारतीबाहेर उभी राहीन. मला या प्रयोगातून काढावे. मला मोजणीतूनच काढावे. कागदावर काही येऊ नये असे वाटत असेल तर मी दोन्ही नावे लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या आपल्या टेबलावर ठेवते, आपण त्यातली एक फक्त टेबलावरून खाली पाडावी. पंख्याने पडली असे मी कोणालाही सांगेन. साहेब, आता मला काय लिहावे ते सुचत नाही म्हणून मी असे काहीबाही लिहिते आहे.

८. कोणालाही अद्याप काही झालेले नाही, असे लिपिक महोदय म्हणाले. ते खरे आहे की नाही हेच मला कळत नाही. सासऱ्यांचा हात थरथरतो, पण तो तीन वर्षांपासून थरथरतो. नणंद सकाळपासून झोपाळली आहे, पण आठव्या महिन्यात बाई झोपाळते. तिने माझा हात पोटावर ठेवून "वहिनी, बघ कसा लाथा मारतोय," असे हसत सांगितले. मी घड्याळ लावून मोजल्या. दहा मिनिटांत सात. नंतरच्या दहा मिनिटांत चार. चार म्हणजे कमी की पुरेशा, हे मला कोणी शिकवलेले नाही. माझी स्वतःची जीभ जड वाटते, परंतु ती भीतीने असावी असे मानून मी स्वतःला मोजणीतून वगळले आहे.

९. येथवर मी एक गोष्ट लिहिलेली नाही, ती आता लिहिते.

च-२७ मधल्या चवळीला काहीच लावलेले नसण्याची शक्यता आहे, असे मी घरी सांगितले. चार पिशव्यांत एक साधी असते, एक तेलाची असते, म्हणजे अर्धी आशा आहे, असे मी सासऱ्यांना समजावले. "साधी असेल तर दवाखान्यातली खाट कशाला अडवायची," म्हणून ते घरी निघून गेले. ते या क्षणी घरी एकटे आहेत. शेजारच्या आजीबाई दर तासाला दार वाजवून त्यांच्याशी बोलून येतात.

ती शक्यता नाही, साहेब. "एकही दाणा किडका नाही" असे सासरे कौतुकाने म्हणाले तेव्हाच मला कळले होते. नोंदवहीत माझ्याच हातचे आहे : च-२७, सोडलेले भुंगेरे पन्नास, जिवंत दोन, नवी भोके शून्य. साध्या पिशव्यांत एव्हाना निम्मे दाणे पोखरले गेले आहेत. तेलाची पिशवी हाताला कळते, बोटे चिकट होतात, ही कोरडी होती. मला फक्त दोन पुडींतली कोणती ते माहीत नाही. विष आहे हे मला काल संध्याकाळपासून माहीत आहे. डॉक्टरीणबाईंना मी ते सांगितले आहे, नणंदेला आणि सासऱ्यांना सांगितलेले नाही. आपल्या हाताने आपल्या गरोदर लेकीला काय वाढले हे त्या माणसाला कळले, तर पुडीचे औषध सापडूनही ते वाचतील असे मला वाटत नाही. मला भीती वाटते. एवढे लिहायला नऊ मुद्दे लागले.

१०. तरी नियम ९ सुचवणारी माझी टिपणी चुकीची होती असे समजून, किंवा ती बरोबर होती तरी ती लिहिणारी बाई पुढचा विचार न करणारी होती असे समजून, च-२७ चा लिफाफा आज उघडावा ही विनंती. शिस्तभंगाची जी कारवाई व्हायची ती सोमवारी खुशाल व्हावी, मी हजर राहीन. उत्तर कृपया घरच्या पत्त्यावर पाठवू नये. घरी टपाल सासरे उघडतात.

कळावे.

आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसलेली,
(सही)
मोजणी सहायिका, खोली क्र. ६

दि. १४, शुक्रवार. वेळ सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.

सोबत :
१) नोंदवहीतील च-२७ च्या पानाची प्रत.
२) डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी व दवाखान्याचा फोन नंबर.
३) माझा राजीनामा. तारीख घातलेली नाही, ती आपण घालावी.
४) कोरा कागद, एक. यावर फक्त पुडीचे नाव लिहून दाराखालून बाहेर सरकवावा. सही नसली तरी चालेल.