तिसऱ्यांदा नावं पुकारली तेव्हा

ताई,

आजारी मिसेस लिडयार्डना बघून तू परत येशील तेव्हा मी घरात नसेन. घाबरू नकोस, अ‍ॅम्ब्रोजबरोबर पळून गेलेले नाही. पलंगाखालच्या पेटीतले कपडे परत कपाटात लाव, आता पळायची गरज उरली नाही.

आज चर्चमध्ये लग्नासाठी माझं नि अ‍ॅम्ब्रोजचं नाव तिसऱ्यांदा, म्हणजे शेवटचं, पुकारलं. मागचे दोन रविवार बाबा सर्दीने घरी होते, आज मात्र पुढच्याच बाकावर. मी एकोणीसची, अजून एकवीस पुरी नाहीत, तेव्हा वडील म्हणून त्यांनी उठून नुसतं ‘नाही’ म्हटलं असतं तरी लग्न मोडलं असतं. पाद्रीसाहेबांनी ‘कुणाची हरकत?’ विचारलं, तरी बाबा बुटांकडे बघत बसले. ट्राफल्गारच्या लढाईत तोफांनी त्यांचे कान गेलेत, ऐकूच आलं नसेल, असं मला वाटलं. सुटल्यासारखं झालं, आणि लाजही वाटली.

घरी येताना पुलावर ते म्हणाले, “तुझ्या त्या ऑर्गनवाल्याने शेवटचं स्तोत्र फार पळवलं. लग्नात वाजवायला दुसरा कुणी बघा.” मग थोडं चालून, “आणि दाराला उशा लावून व्हायोलिन वाजवणं बंद कर. बाईच्या हातात ते शोभत नाही, पण चोरून वाजवलेलं त्याहून वाईट लागतं.”

अ‍ॅम्ब्रोजला सांगायला चाललेय. तो अजून वर ऑर्गनपाशीच बसलाय, खाली उतरायची छाती नाही त्याची.

बाबांना चहा दे. आणि स्वयंपाकघरात त्यांच्याबद्दल जपून बोल. त्यांना सगळं ऐकू येतं.

लेटिस